कोल्ड रूमचं दार

चारशे अर्जांमधून सहा जण निवडले गेले आणि त्या सहांत तिचं नाव होतं. पत्र हातात पडताच ती आईच्या दुकानाकडे पळाली. आई शिडीवर उभी राहून साबणाच्या वड्या रचत होती. ते किराणा दुकान आईने एकटीने वीस वर्षं चालवलं होतं. पलीकडच्या रस्त्यावर सुपरमार्केट उघडलं आणि तीन वर्षांत निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळली. मुलीला नोकरी लागली होती ती नेमकी त्याच कंपनीत. दोन वर्षांचं व्यवस्थापनाचं प्रशिक्षण, आणि निभावलं तर पुढे स्वतःची शाखा.

आईने खाली उतरून पत्र दोनदा वाचलं.

"गिऱ्हाइकं नेली, आता पोरगीही नेतायत," ती म्हणाली. "जा. पण माझं नाक कापू नकोस. दुकानदाराची पोर आहेस."

तिची नेमणूक शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शाखेत झाली. पहिल्या दिवशी ती कडक इस्त्रीचे कपडे घालून, नवी कोरी डायरी घेऊन गेली. तिथे तिला लोखंडी टोकाचे बूट आणि जाडजूड जाकीट दिलं, आणि टेबल-खुर्चीऐवजी मागच्या बाजूला कोल्ड रूममध्ये पाठवलं. दूध, दही, लोणी, मांस, मासळी, सगळा थंड माल आधी तिथे उतरायचा आणि मग दुकानातल्या उघड्या फ्रीजच्या चार रांगांत जायचा.

त्या विभागाचे प्रमुख सव्वीस वर्षं तिथेच होते. शाखेच्या मॅनेजरसकट सगळे त्यांना मामा म्हणत. उंच, काटकुळा माणूस; ऐन उन्हाळ्यातही कानांवर लोकरी टोपी. त्यांनी तिच्या डायरीकडे पाहिलं आणि पदवीवाले दर वर्षी येतात, चार महिने थंडीत कुडकुडतात, खोक्यांबरोबर फोटो काढतात आणि वरच्या ऑफिसात जातात, असं तिला ऐकवलं. मग त्यांनी तिला 'पदवीबाई' असं नाव ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या शाखेच्या तोंडी बसलं.

पहिला आठवडा तिची चांगलीच जिरली. जुन्या तारखेचा माल पुढे आणि नव्या तारखेचा मागे, एवढा साधा नियम. पण घाईत तिने दह्याची अख्खी रांग उलटी लावली. मामांनी शांतपणे तीनशे डबे खाली काढले आणि तिच्यासमोर ठेवले. तिने ते पुन्हा लावले. बोटांना भेगा पडल्या, टाचा सुजल्या. बरोबर शिकलेल्या मैत्रिणी काचेच्या इमारतींमधून कॉफीच्या कपांचे फोटो पाठवत होत्या आणि इथे ही फुटलेल्या दुधाच्या पिशव्या पुसत होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत, जिन्याखाली बसून ती चक्क रडली. मग तोंड धुतलं आणि परत कामाला लागली, कारण साडेतीनची मालाची गाडी यायची होती.

तिला एक खोड होती, ती म्हणजे प्रश्न विचारायची. मासळी खालीच का ठेवायची? मशीनचा आवाज दुपारी का बदलतो? आधी मामा वैतागले. पण सव्वीस वर्षांत वरच्या कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं, आणि माणूस कितीही खडूस असला तरी आपल्या कामाबद्दल कुणी मनापासून विचारलं की विरघळतो. त्यांनी तिला थर्मामीटर कुठे खुपसायचा ते शिकवलं. भिंतीला कान लावून कॉम्प्रेसरची घरघर ऐकायला शिकवलं. नीट चालतो तेव्हा तो झोपलेल्या आजोबांसारखा घोरतो, म्हणाले, आणि आजोबा घोरायचे थांबले की घरात सगळ्यांनी उठायचं.

चार महिन्यांनी तिला दुसऱ्या विभागात हलवलं. ती बेकरीत गेली, भाजीत गेली, बिलाच्या काउंटरवर बसली. पण सकाळी आल्या आल्या दहा मिनिटं कोल्ड रूममध्ये डोकावायची सवय काही सुटली नाही.

अकराव्या महिन्यात परीक्षेचा दिवस आला. प्रत्येक प्रशिक्षणार्थीला एक पूर्ण दिवस अख्खी शाखा सांभाळायला देत. मॅनेजर त्या दिवशी मुख्य कार्यालयात जायचे आणि दुपारी विभागीय प्रमुख मॅडम न सांगता येऊन बघून जायच्या. तिच्या वाट्याला महिन्याचा पहिला शनिवार आला, म्हणजे सगळ्यांत गर्दीचा दिवस.

दहा वाजेपर्यंत सगळं सुरळीत होतं. दहा चाळीसला ती बिस्किटांच्या रांगेत उभी होती आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जे ऐकू येत होतं त्यात काही वावगं नव्हतं, जे ऐकू येत नव्हतं तेच खटकलं. घरघर थांबली होती. ती मागे वळली तोवर मामा समोरून येतच होते, टोपी हातात घेऊन. टोपी काढलेले मामा तिने पहिल्यांदाच पाहिले.

मुख्य कॉम्प्रेसर बंद पडला होता. चार रांगा आणि कोल्ड रूम, दोन्ही त्याच्यावरच. मेकॅनिकला फोन केला तर तो शहराबाहेर. दोनच्या आत काही पोचणार नाही म्हणाला. तिने मॅनेजरना कळवलं. ते बिचारे बैठकीतून बाहेर येऊन कुजबुजत बोलत होते. त्यांचं म्हणणं, फ्रीजवरचे पडदे ओढून घे, माल हलवू नकोस, शनिवारची विक्री बुडेल, आणि मॅडमनी रिकाम्या रांगा पाहिल्या तर दोघांचीही शोभा होईल.

तिने पहिल्या रांगेत थर्मामीटर धरला. पाच अंश. नियमपुस्तकात लिहिलं होतं, आठाच्या वर गेलेला माल विकायचा नाही. उघड्या रांगांमध्ये आठ व्हायला फार वेळ लागणार नव्हता. आईच्या दुकानातला जुना फ्रीज तिला आठवला. वीज गेली की आई त्याच्यावर रजई टाकायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. दार उघडलं की थंडी गेली, आणि गेलेली थंडी पाहुण्यासारखी परत येत नाही, असं ती म्हणायची.

"सर, आज दुकान माझ्याकडे आहे ना?" ती फोनवर म्हणाली. "मग मी चारही रांगा रिकाम्या करतेय. सगळं आत ठेवून दार बंद."

मग त्यांनी, तुझी जबाबदारी, एवढंच म्हणून फोन ठेवला.

बारापैकी पाच काउंटर चालू ठेवून तिने बाकी सगळ्यांना बोलावलं. बिल करणारे, बेकरीवाले, सफाईच्या मावशी, दारावरचा रखवालदार. आधी मासळी आणि मांस, मग दूध, शेवटी लोणी, असा क्रम ठरवून दिला. मग दुधाचं एक रिकामं क्रेट उलटं घालून ती त्यावर उभी राहिली आणि गिऱ्हाइकांना खरं ते सांगितलं: मशीन बंद पडलं आहे, माल खराब होऊ नये म्हणून आत नेतोय, ज्यांच्या ट्रॉलीत थंड वस्तू आहेत त्यांनी एक नंबरच्या काउंटरवर यावं, त्यांचं बिल आधी होईल. एक गृहस्थ चिडले, ही काय पद्धत झाली म्हणाले. पण त्यांच्या मागच्या बाईंनी आपली ट्रॉली वळवली, आणि त्यांच्या मागोमाग बाकीचेही हलले.

वीस मिनिटांत कोल्ड रूम गच्च भरली. चौथी रांग अजून बाहेरच होती. मामा दारात उभे राहून, मुंगी शिरायला जागा नाही, म्हणाले. ती आत घुसली, इकडेतिकडे पाहिलं. उजवीकडची भिंत थंड पेयांच्या खोक्यांनी छतापर्यंत भरलेली होती.

"हे सगळं बाहेर काढा," ती म्हणाली. "सरबताला थंडी म्हणजे चैन. दुधाला गरज आहे."

मामांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. सव्वीस वर्षं ती खोकी तिथेच होती. मग त्यांनी स्वतः पहिलं खोकं उचललं.

चौथ्या रांगेतला शेवटचा माल यायला उशीर झालाच. दह्याच्या अकरा ट्रेंवर थर्मामीटर नऊ दाखवत होता. कुणीतरी म्हणालं, ढकला आत, परत थंड होईल, कुणाला काय कळतंय. तिने त्या ट्रेंवर स्वतःच्या हाताने लाल चिकटपट्टी लावली आणि ते टाकायच्या मालात ठेवले. मग अकरा वाजून वीस मिनिटांनी मामांनी दार लावलं आणि त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले.

दीड वाजता मॅडम आल्या. ठेंगणी, बारीक केसांची बाई, आवाज अगदी हळू. चार रिकाम्या रांगा आणि त्यांच्यावर हाताने लिहिलेली पाटी त्यांनी पाहिली, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. त्या तडक मागे गेल्या आणि कोल्ड रूमच्या मुठीला हात घातला.

मामा स्टुलावरून उठले.

"मॅडम, दार उघडायचं नाही."

"मी कोण आहे, माहीत आहे ना?"

"आहे की. पण आज दुकान तिचं आहे. तिला विचारा."

मॅडम तिच्याकडे वळल्या. दाराबाहेरचा काटा आतलं तापमान तीन पूर्णांक आठ दाखवतोय, तिने सांगितलं. दार उघडलं तर पाच मिनिटांत एक अंश चढेल. मेकॅनिक येईपर्यंत कुणीच उघडणार नाही. मग तिने थांबून एवढंच म्हटलं, "तुम्हीसुद्धा नाही, मॅडम."

मॅडमनी हात मागे घेतला. त्यांनी टाकायच्या मालाची यादी मागितली, अकरा ट्रे मोजले, लाल पट्ट्या पाहिल्या. हे आत का नाही ठेवले, असं विचारलं. ते नऊ अंशांवर गेले होते, ती म्हणाली. मॅडमनी एक खोकं ओढलं, मामांच्या स्टुलाशेजारी बसल्या आणि मेकॅनिकची वाट पाहू लागल्या.

तो सव्वादोनला आला. तीनला घरघर पुन्हा सुरू झाली. रांगा थंड झाल्यावर, चारला, मामांनी दार उघडलं आणि मॅडमनी स्वतः दुधात, मांसात, अगदी तळातल्या मासळीत थर्मामीटर खुपसला. कुठेही पाचाच्या वर आकडा नव्हता. रांगा पुन्हा भरायला लागल्या तेव्हा मॅडमनी कोट काढून ठेवला आणि लोण्याचे डबे लावू लागल्या. बंद व्हायच्या वेळेपर्यंत दूध संपलं होतं.

निघताना मॅडमनी तिला जवळ बोलावलं. चौदा वर्षं मी ही परीक्षा घेतेय, म्हणाल्या, आणि मला दार उघडू न देणारी तू पहिलीच. मामा जरा लांब उभे होते. मॅडम गेल्यावर ते आले, टोपी नीट केली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला 'पोरी' म्हणाले. "पोरी, जेवलीस का काही? सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाहीस." दोघांनी बेकरीतला उरलेला पाव उभ्या उभ्या खाल्ला.

प्रशिक्षण संपायला अजून सहा महिने होते तेव्हाच तिला शाखा मिळाली. सहा जणांत सगळ्यांत आधी. लहानशी शाखा, तेवीस माणसं, गळका पत्रा आणि विक्रीत सगळ्यांत खालचा नंबर. मामांना ही बातमी तिने स्वतः जाऊन सांगितली. त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. बदलीचा अर्ज होता. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय, ते तुझ्याकडे काढतो म्हणाले, इथल्या नव्या पदवीबाईला कान लावून ऐकायचा कंटाळा आहे.

तिने शाखेचा ताबा घेण्याआधी आई येऊन गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती सुपरमार्केटमध्ये शिरली होती. हात मागे बांधून एकेका रांगेतून हिंडली, डाळ चिमटीत घेऊन पाहिली, कांदे हवेशीर ठेव म्हणून बजावलं. दारापाशी ती थांबली. वरच्या पाटीवर व्यवस्थापक म्हणून मुलीचं नाव होतं. ते तिने बोटाने हवेत अक्षर न् अक्षर गिरवून वाचलं आणि पदराने डोळे टिपत, धूळ फार आहे इथे, म्हणाली. धूळ कुठेच नव्हती.

सोमवारी सकाळी आठला तिने शटर वर ढकललं. तेवीस माणसं मागे उभी होती. बाहेर चौदा-पंधरा गिऱ्हाइकं आधीच येऊन थांबली होती. त्यातल्या काठीवाल्या आजींनी आत पाऊल टाकताच मीठ कुठे आहे म्हणून विचारलं. तिने हात करून दाखवलं नाही. आजींची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि त्यांच्या चालीने, सावकाश, मिठाच्या रांगेपर्यंत त्यांच्यासोबत गेली.