उरलेली दहा मिनिटं

साहेब, मटिल्डाला तुम्ही कधी पाहिलेलं नाही. तिचा आवाज ऐकलेला नाही, आणि तो बंद पडल्याचंही तुम्हाला ठाऊक नाही. तरी ती सहा बैठकांत बरी झाली पाहिजे, हे तुम्ही ठरवून टाकलंत. एक ओळ, खाली गोल सही, वर शिक्का. त्या कागदाने वसईच्या एका दवाखान्यात काय केलं, ते आता ऐका.

दवाखान्यात जिन्याखाली एक खोली आहे. दोन खुर्च्या, एक घड्याळ, खिडकीबाहेर भेंडीचं उंच झाड. दर मंगळवारी समुपदेशक उन्नती तिथे बसते. ती गोळी देत नाही, सल्ला देत नाही. शिपाई रॉकी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "मॅडम नुसत्या बसतात." खोटं नाही ते. तीच वेळ, तीच खुर्ची, पन्नास मिनिटं. पण समोरचा माणूस बोलता बोलता कुठे थांबतो, काय विसरतो, कधी उठतो, हेही ती ऐकत असते. तिचं म्हणणं असं, की माणूस जुनं दुखणं सांगत नाही, तो ते आपल्यासमोर पुन्हा करून दाखवतो. आपण फक्त पळून जायचं नाही.

मटिल्डा पाचूबंदरच्या धक्क्यावर बावीस वर्षं मासळीचा लिलाव पुकारत आलेली. तिचा आवाज किल्ल्याच्या भिंतीवर आपटून परत यायचा. अन् एका सकाळी तिने तोंड उघडलं तर नुसती हवा. घोगरी कुजबूज तेवढी उरली. घशाच्या डॉक्टरने कॅमेरा घालून पाहिलं, काही सापडलं नाही, म्हणून इकडे धाडलं.

"बसा मटिल्डाबाई," पहिल्या दिवशी उन्नती म्हणाली.

"बाई काय? शाळेत शिकवते काय मी?" मटिल्डा कुजबुजली. "मी आपली तुला बाय म्हननार."

"म्हणा. आणि हवे तितके मंगळवार या."

दुसऱ्या मंगळवारी मटिल्डाने वर्तमानपत्रात गुंडाळून सुके बोंबील आणले. पेशंटकडून भेट घ्यायची नाही, हा शिकताना पाठ केलेला नियम उन्नतीला आठवला आणि तिने ते परत केले. आता पाचूबंदरला कुणी दिलेली मासळी परत करणं म्हणजे तोंडावर सांगणं, की तुझा माल नासका आहे. तिसऱ्या मंगळवारी मटिल्डा आलीच नाही.

चौथ्याला आली, ती हाताची घडी घालून बसली.

"मी बोंबील परत केले ते तुम्हाला लागलं," उन्नती म्हणाली. "का आणलेत, एवढं तरी विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

"मासळीला कारन लागतं काय?" मटिल्डा खिडकीकडे बघत बोलली. मग हाताची घडी सुटली. "पन चुकलं म्हननारी तू पहिलीच हायस."

पाचव्या खेपेला सुरमईचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं, की मुलीचा, जेनिफरचा, कॅनडाचा व्हिसा आला. ऑगस्टात जाईल. आवाज गेला तोही व्हिसा आला त्याच आठवड्यात. एवढं बोलून ती उठली. "चल बाय, होडी येल." त्या वेळेला पाचूबंदरला एकही होडी लागत नाही. दर वेळी पुरी दहा मिनिटं आधी ती अशीच उठायची.

सहाव्या मंगळवारी सकाळी तुमचा कागद आला. न आलेला मंगळवारही तुम्ही मोजलात, साहेब.

उन्नतीने लपवलं नाही. मटिल्डा बसताच तिने सांगून टाकलं. "हवे तितके मंगळवार या, असं मी म्हणाले होते. आज वरून हुकूम आलाय, की ही शेवटची बैठक. मी भांडणार आहे. पण आज माझ्या हातात काही नाही."

"बरं झालं," मटिल्डा कुजबुजली. "मना पन कंटाळा आलेला."

अकरा चाळीसला, नेहमीसारखी दहा मिनिटं आधी, ती उठली आणि गेली. मासळीची रिकामी पाटी खुर्चीपाशीच राहिली. तीन मिनिटांनी ती पाटी न्यायला परत आली, तर उन्नती रिकाम्या खुर्चीसमोर तशीच बसलेली.

"तू अजून हितंच?"

"तुमची दहा मिनिटं आहेत."

"मी तर गेली."

"तरी तुमचीच. मी बसते."

"दर वेळी?"

"दर वेळी. तुम्ही आला नव्हतात तेव्हा पन्नासच्या पन्नास."

मटिल्डा हळूच खाली बसली. बराच वेळ पाटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"मी आठ वर्सांची होती," ती म्हणाली. "आय कुवेतला चालली, लोकांची पोरं सांभाळाया. मना गास गावात ठेवलं, सालोमी मावशीकडं. आय पेटी घेऊन बांधावरनं चालली. मी हाक माराया तोंड उघडलं, तर मावशीनं तोंडावर हात ठेवला. जानाऱ्याला मागून हाक मारू नये, वाईट होतं."

"मग?"

"मग काय, नाय मारली. नाताळला येते बोललेली. नाय आली. मना वाटतं, मारली असती तर वळली असती."

भेंडीवर कावळा येऊन बसला, उडाला. उन्नती म्हणाली, "आता जेनिफर चाललीय. आणि आज मीही."

मटिल्डाने तिच्याकडे रोखून पाहिलं. मानेची शीर फुगली.

"तुला कोन घालवतंय? कोन साहेब? बोलाव त्याला हितं! आत्ताच्या आत्ता बोलाव!"

कुजबूज नव्हती ती. खिडकीची काच थरथरली. रॉकी चहाचा ग्लास हातात घेऊनच धावत आला. "मॅडम, भांडण झालं का?"

"तू जा रे! तुला कोन नाय बोललं!" त्याच आवाजात मटिल्डा कडाडली, आणि मग तोंड उघडं टाकून, आठ वर्षांच्या पोरीसारखी रडली. उन्नतीने तिच्या पाठीवर हात फिरवला नाही. गप्प हो म्हणाली नाही. डोळे भरून आले तरी समोर बसून राहिली.

घड्याळात पन्नास मिनिटं झाली. दोघी पहिल्यांदाच एकदम उठल्या.

"मंगळवारी येऊ?" मटिल्डाने विचारलं. उन्नतीने तुमच्या कागदाकडे पाहिलं. मटिल्डाने मान हलवली आणि ती चालू लागली. फाटकापर्यंत पोचली.

"मटिल्डाबाई!" उन्नती दारातून जिवाच्या आकांताने ओरडली.

ती वळली.

"पाटी राहिली तुमची!"

"मारलीस ना मागून हाक?"

"मारली."

"बघ," मटिल्डा हसली. "वळली मी."

उद्या धक्क्यावर तिचा आवाज निघेल की पुन्हा बसेल, मला माहीत नाही. उन्नतीलाही नाही. जेनिफर ऑगस्टात जाणार ती जाणारच. तुमच्या फॉर्मवर 'बरी झाली' आणि 'नाही झाली' असे दोन चौकोन आहेत, उन्नतीने ते दोन्ही कोरे ठेवलेत. येत्या मंगळवारी अकरा वाजता मटिल्डा पाटी घेऊन येणार आहे. त्या खोलीचं दार उघडं असेल, की त्याला तुमचं कुलूप असेल? एका शब्दाचं काम आहे साहेब. उत्तर द्या.