लोड म्हंजे भरलं

शाळेच्या गाडीनं दाराशी येऊन हॉर्न लावून धरला, तेव्हा प्रांजलीच्या एकाच पायात बूट होता आणि दोन्ही हातांत गेम.

"मम्मी, वासरू झालं! तांबडीला वासरू झालं!"

"होऊ दे, तू आधी वेणी होऊ दे." शीतलच्या दातांत रबर होतं, त्यामुळे अर्धे शब्द आतच राहिले.

वेणी झाली, दुसरा बूट चढला, दप्तर पाठीवर गेलं. गेम मात्र हातातून सुटेना. पोरीनं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा आईकडं, आणि मग हात पुढं केला.

"मेनूत जायचं. सेव्ह करायचं. मंग बाहेर पडायचं. मंग बंद. बटनानं न्हाई बरं का. बटनानं बिलकुल न्हाई."

"कळलं गं बाई."

"मागं बी कळलं होतं तुला." एवढं बोलून पोरगी पळाली.

तळहाताएवढं ते यंत्र हातात घेऊन शीतल क्षणभर तशीच उभी राहिली. दिवाळीत भारतनं ते आणलं होतं. त्याच्या लहानपणी टीव्हीला कॅसेट लावून खेळायचे, तसले जुने खेळ त्यात शेकड्यानं भरलेले. बापलेकीनं त्यातला एक शेतीचा खेळ निवडला. दगड वेचले, गवत काढलं, पहिलं बी टाकलं, आणि साखर कारखान्याचा सीझन सुरू झाला म्हणून भारत अंकुशनगरला गेला. परतूरच्या घरात राहिल्या मायलेकी आणि सासरे रायभानमामा. खेळातलं शेत पोरीच्या अंगावर पडलं आणि तिनं ते नेटानं केलं. गाय घेतली, तिचं नाव तांबडी ठेवलं. लाकडं साठवून घराला एक खोली वाढवली. कुणासाठी, ते शीतलनं विचारलं नाही. सुट्टीला आल्यावर पप्पाला ती दाखवायची होती, एवढं कळत होतं.

आणि मध्येच शीतलनं घोळ घातला होता. एका संध्याकाळी यंत्र गरम लागलं. बॅटरी फुगते, फुटते, असलं काहीबाही तिनं वाचलं होतं. पोरीचे डोळेही चोळून लाल झालेले. वरचं बटण दाबून धरलं आणि करून टाकलं बंद. आठवडाभराचं शेत गेलं. प्रांजली रडली नाही, हीच मोठी भीती. नुसती म्हणाली, "तू हात लावू नको." त्या दिवसापासून यंत्र उशीखाली गेलं आणि त्याच्याबरोबर बाकीचंही बरंच काही. शाळेत कोण काय म्हणालं, कुणी ढकललं, मॅडम कुणावर चिडल्या, हे सगळं आल्या आल्या ओतणारी पोरगी गप्प झाली. गुडघा फुटलेला शीतलला अंघोळ घालताना दिसला. उरलेल्या डब्यावरून आणि ओढलेल्या रिबिनीवरून ती दिवस वाचायला शिकली. पण आई असून लेकीचा असा माग काढत बसायचं, म्हणजे काय?

आज पहिल्यांदा पोरीनं आपण होऊन गेम हातात दिला होता.

आणि नजर गेली तर डबा ओट्यावरच! गाडी सुटायच्या बेतात. "मामा, एवढं धरा, काही दाबू नका," म्हणत तिनं यंत्र बाजेवर बसलेल्या रायभानमामांच्या हातात दिलं आणि डबा घेऊन अनवाणीच पळाली.

ती धापा टाकत परत आली, तर मामांचा चेहरा फुललेला.

"केलं म्या. जसं पोरीनं सांगितलं, बराबर तसंच."

शीतलनं पडद्याकडं बघितलं. सगळीकडं दगड. गवत. आडवी पडलेली झाडं. मधोमध एकच खोपट, वाढवलेली खोली नाही. गोठा रिकामा. दिवाळीतलं, पहिल्या दिवसाचं शेत.

"मामा, काय दाबलंत?"

"ते मेनू का काय, त्यात गेल्तो. तिथं दोन नावं. इंग्रजीच, पण एक ओळखीचं निघालं. लोड. दाबलं."

"अहो, ती सेव्ह म्हणाली होती! लोड कशाला?"

"अगं, लोड म्हंजे भरलं की! सारी हयात उसाच्या ट्रॅक्टरवर गेली माझी. गाडी लोड झाली म्हंजे माल भरला, दोर आवळला, आता सांडायचं काम न्हाई. ते दुसरं काय लिवलेलं, मला काय ठावं?" मग तिचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "काय झालं, सूनबाई? सांडलं का?"

हसावं की रडावं, तिला कळेना. भारतनं लेकीला शिकवताना दिवाळीत एकदा सेव्ह करून ठेवलेलं होतं. मामांनी तेच उघडलं होतं. आणि नवं शेत? ते कुठं होतं आता?

तिनं भारतला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. कारखान्यात त्याची पाळी चालू असणार. यंत्राच्या कडेला लाल दिवा लागला, तशी ती चार्जर घेऊन धावली. खटका टाकला, काहीच नाही. लाईट गेलेली. मागच्या सुट्टीत भारतनं त्या यंत्रात एक सोय करून दिली होती, चार्जिंग संपत आलं की यंत्र सगळं लिहून घेऊन आपोआप नीट बंद होईल. 'आता तुझ्याकडून बी काही बिघडणार न्हाई,' असं वर म्हणालाही होता, हसत. तेव्हा ते टोचलं होतं. आज तीच सोय घात करणार होती, जुनंच शेत लिहून घेणार होती.

फोन वाजला. मागं कारखान्याची घरघर.

"काय झालं? प्रांजल बरी हाये ना?"

"बरी आहे. अहो, मामांनी गेमवर लोड दाबलं. जुनं शेत आलंय."

भारत ओरडलाच. "मेनूतून बाहेर पडू नको! बाहेर पडलीस तर हेच जुनं आतल्या मेमरी कार्डावर उतरतं. ऐकू येतंय का?"

"येतंय. मग करू काय?"

"बटन…"

"बटण काय? दाबू का नको दाबू?"

"हॅलो? बटन…" आणि फोन तुटला. मग लागेचना.

लाल दिवा आता लुकलुकू लागला होता.

"ऱ्हाऊ दे पोरी," रायभानमामा म्हणाले. "आली की म्या सांगतो तिला, म्हाताऱ्यानं केलं म्हणून. मला काय, चार शिव्या देईल."

"तुमच्या हातात मी दिलं मामा. आणि तिनं दिलं होतं माझ्या हातात."

ती बाजेच्या कडेला टेकली. विचार कर, शीतल. बीएस्सी झालीस ना? पोरीचं शेत गेलं त्या दिवशी भारतनं फोनवर काय समजावलं होतं? खेळ चालू असतो तोवर सगळं यंत्राच्या डोक्यात. मेनूतून बाहेर पडलं की कार्डावर उतरतं. बटणानं तोडलं तर डोक्यातलं गेलं. मग आत्ता डोक्यात काय आहे? दगड आणि गवत. ते जाऊ दे की! आणि कार्डावर? तेव्हापासून पोरगी रोज रात्री खेळातल्या माणसाला झोपवते, दिवस लिहून घेते, मेनूतून बाहेर पडते. मेनूतलं सेव्ह आजच लागलं, दिवस अर्धा राहिला म्हणून. म्हणजे कार्डावर कालची रात्र असली पाहिजे.

असली पाहिजे. आणि नसली तर?

आणि मुळात, पोरीनं बजावून ठेवलेलं नेमकं तेच करायचं. दुसऱ्यांदा.

दिवा भराभर लुकलुकत होता. आणखी थोडा वेळ, की यंत्र शहाण्यासारखं सगळं लिहून घेणार होतं. शीतलनं अंगठा बटणावर ठेवला. दाबून धरला. पडदा उजळच. तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. दगड, गवत, खोपट, आणि मग काळं.

"मेलं का?" मामांनी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

दुपारी लाईट आली. तिनं यंत्र चार्जिंगला लावलं, पण चालू केलं नाही. चारदा हात पुढं गेला आणि चारदा मागं आला. आताच उघडलं आणि वाईट निघालं, तर पोरगी येईस्तोवर काहीतरी रचून ठेवायला वेळ मिळाला असता, आणि ते तिला नको होतं. भात तसाच गार झाला. मामाही आज झोपले नाहीत.

गाडी आली. प्रांजली दारातूनच म्हणाली, "केलं ना सेव्ह?"

"नाही." शीतलनं एका दमात सांगून टाकलं. आबांनी लोड दाबलं, जुनं शेत आलं, मग मी बटणानं बंद केलं. "कालचं राहिलं असेल असं वाटतंय. मी उघडलं नाही. तू उघड."

पोरीनं दप्तर काढलंच नाही. खाली बसली, यंत्र मांडीवर घेतलं. रायभानमामा बाजेवरून उठून भिंतीला धरून उभे राहिले. पडदा उजळला. खेळाचं नाव आलं, धून वाजली, आणि अंधारातून घर दिसू लागलं.

दोन खोल्यांचं.

शीतलनं तोंडावर पदर घेतला. प्रांजली खेळातल्या माणसाला घेऊन गोठ्याकडं निघाली. सकाळचं गेलंच होतं. तिथं तीच सकाळ पुन्हा उगवलेली. तांबडी उभी, आणि तिच्या पायाशी ओलं वासरू परत एकदा जन्मलेलं. पडद्यावर नावाची चौकट रिकामी.

"सकाळी काय ठेवलं होतंस?" शीतलनं भीत भीत विचारलं.

"राणी." पोरीनं नाक मुरडलं. "पण बरंच झालं गेलं ते. गाडीत म्या सांगितलं तर पायल म्हणती, राणी तर आमच्या कुत्रीचं नाव हाये. आन् सगळे हसले. आन् ती परवा मला ढकलली होती ना, तीच ती. मॅडमनं उलट मलाच उठवलं, तुला सांगितलं न्हाई का म्या?"

"नाही," शीतल म्हणाली.

"मंग ऐक ना. पण थांब, लय जोरात लागली." तिनं यंत्र तसंच चालू आईच्या मांडीवर ठेवलं आणि दप्तरासकट मोरीकडं पळाली. तिकडूनच ओरडली, "नाव तू सुचव, पण दाबू नको काही!"

शीतल बसून राहिली. यंत्र मांडीवर, आणि दोन्ही हात हवेत.