रिकामी दिसणारी नळी

"नळी रिकामीच आली असणार," सर म्हणाले. "कंपनीला तसा फॅक्स कर, दिपा. दुसरी फुकट पाठवतील."

बेसिनपाशी चंद्रावतीचे हात थांबले. परवा सकाळी टेबलावरच्या डब्यातला बर्फ वितळला होता आणि पाण्यात पेराएवढी, झाकणाची नळी तरंगत होती. आत काहीच दिसत नव्हतं. पनवेलच्या या प्रयोगशाळेत नळ्या धुऊन पुन्हा वापरत. अकरा वर्षं ती त्याच धूत होती. तिने तीही धुतली.

सर केबिनमध्ये गेल्यावर तिने विचारलं, "दिपाबाय, त्या नळीत काय व्हतं?"

"पेप्टाइड, मावशी. तळाला चिकटलेलं असतं, डोळ्यांना दिसत नाही." दिपाने फॅक्सचा कागद पुढे ओढला. "पेशीच्या भिंतीत पोटॅशियमची दारं असतात, प्रथिनांची. आपली अँटिबॉडी ते प्रथिन धरते आणि फिल्मवर डाग उठतो. पण ती नेमकं तेच धरते की भलतंच? म्हणून त्याच प्रथिनाचा हा तुकडा तिला आधी द्यायचा. मग डाग उठता कामा नये. काल तो उठलाच."

"म्हंजे खेकड्याच्या नांगीत आधी काडी दिली, का तो बोट धरत नाय."

दिपा हसली. "अगदी तसंच. चार महिने वाट पाहिली आणि काडीच नाही."

चंद्रावतीने पदराला हात पुसले. तिला कायम करण्याचा अर्ज सरांच्या सहीसाठी पडून होता. तिला कोणी काही विचारलंही नव्हतं.

"ती मी धुतली."

दिपाचं पेन थांबलं. "कशाने?"

"साबनानं. दोनदा."

दिपाने केबिनच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "सरांना कळलं तर तुमची सही अडकेल. राहू दे. एका नळीने कंपनीचं काही जात नाही."

"कंपनीचं नाय जात. पन तिथं नळ्या भरनारी कोनी बाईच असल ना? तिला इचारलं, तर ती काय सांगल?"

ती स्वतःच केबिनमध्ये गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली.

"काय म्हणाले?"

"सहीचं पुढच्या साली बघू."

दिपाने फॅक्सचा कागद फाडला.

बेसिनमध्ये अजून अठरा नळ्या होत्या. चंद्रावतीने पहिली उचलली, पण नळ सोडला नाही. ती दिपाच्या टेबलाशी आली.

"ही धुऊ ना?"

दिपाने नळीवरची खूण नीट वाचली. "धुवा, मावशी."

मग दुसरी. मग तिसरी. अठरावीपर्यंत दोघींनीही घाई केली नाही.