एका खिळ्यावरची कॅलेंडरं

चौदा वर्षांपूर्वी मी अंथुर्ण्यातल्या खताच्या दुकानातलं काम सोडलं. मालक चारचौघांत बोलला, मी डबा उचलला आणि घरी आलो. माझी बायको सिंधू म्हणाली, "जाऊ द्या. दुसरं बघा." मी म्हणालो, "बघतो." त्यानंतर मी काही बघितलं नाही. तिनं एका गाईच्या चार गाई केल्या आणि घर चालवलं. मी स्टँडजवळच्या हॉटेलात पेपर वाचायचो.

यंदा फेब्रुवारीत सिंधू गोठ्यात धार काढताना पडली आणि गेली. बादली शेजारी लवंडली होती.

गाई माझ्या अंगावर पडल्या. एकीलाही हात लावता येईना. शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या, "भावजी, तिची साडी गुंडाळून जावा. गाय वास वळखती, मग पान्हा सोडती." मी सिंधूची निळी साडी पँटवरून गुंडाळली, डोक्यावर पदर घेतला आणि चांदी नावाच्या गाईच्या कासेशी बसलो. चांदीनं एकदा हुंगलं आणि लाथ घातली. द्वारकाबाईंना रडता रडता हसू आलं. मलाही आलं, त्याची अजून लाज वाटते. महिन्याच्या आत शेळगावच्या सर्जेरावांनी चारही गाई विकत नेल्या.

माझी मुलगी मोना वडगाव निंबाळकरला दिलेली आहे. मे महिन्यात ती आणि जावई ज्ञानेश मला न्यायलाच आले. मुलीच्या दारात कायमचं जाऊन बसायचं माझ्या जिवावर आलं. म्हणालो, "मी काम धरतो. हितंच राहतो."

मोना माझ्याकडं बघत राहिली. "आत्ता, अण्णा?"

एवढंच बोलली. आई असताना का नाही, हे तिनं विचारलं नाही.

ज्ञानेश म्हणाला, "मामा, बारामतीच्या अलीकडं दीडशे गाईंचा गोठा हाय. गाईंच्या नोंदी ठेवायला अनुभवी माणूस पायजे त्यांना. तुमच्यात चौदा वर्षं गाई हुत्याच की."

"गाई हुत्या," मोना म्हणाली. "अण्णा कुठं हुते?"

ज्ञानेश हसला. मी हसलो नाही, कारण ते खरं होतं. पण फोन नंबर मात्र घेतला.

स्वयंपाकघराच्या दारामागं एक खिळा आहे. सिंधू नवीन कॅलेंडर जुन्यावरच अडकवायची, जुनं काढायची नाही. त्यावर ती गाईंचं सगळं लिहायची. कोणती कधी माजावर आली, कधी रेतन करून भरवली, कधी व्याली, कुणाच्या कासेला सूज होती. सातवी शिकलेली, अक्षर गोल होतं. गोठ्यावर कामाचं विचारायला जायच्या दिवशी सकाळी मी वरची तीन कॅलेंडरं काढली, गुंडाळी केली, सुतळी बांधली आणि इंदापूरहून येणारी एसटी पकडली. आत उघडून बघितलं नाही.

गोठ्याच्या ऑफिसात रेश्मा मॅडम होत्या. गुरांच्या डॉक्टरकीचं शिकलेल्या, माझ्या मोनापेक्षाही लहान. त्यांनी बसा म्हणून खुर्ची दिली.

"मोहनराव, गाय माजावर आली हे कसं ओळखता?"

"सकाळी वरडती. दुसरीवर उडती. दूध कमी देती. सकाळी दिसली तर सांजच्याला भरवायची."

"कासेला सूज यायच्या आधी कळतं?"

"पहिल्या दोन-चार धारा काळ्या फडक्यावर घ्यायच्या. गुठळी दिसती."

माझं मलाच नवल वाटत होतं. हे मी कधी केलं नव्हतं. सिंधू धारा काढून आत यायची आणि चहा टाकता टाकता हेच बोलायची. मी पेपरातून मान वर काढायचो नाही. तरी ते सगळं माझ्या कानात साठलं होतं आणि आता तिच्याच शब्दांत बाहेर पडत होतं.

मॅडम खूश झाल्या. "आणि नोंदी?"

मी गुंडाळी सोडली. त्यांनी पानं चाळली. "किती नीट लिहिलंय! आमच्याकडच्या पोरांना सांगून सांगून थकले मी. तुम्हीच लिहिता?"

"व्हय," मी म्हणालो. "मीच."

"मग झालं तर. एक तारखेपासून या."

मी उठायला लागलो. मॅडम मागच्या वर्षाचं कॅलेंडर अजून चाळत होत्या. डिसेंबरच्या पानावर थांबल्या. कपाळाला आठी पडली.

"हे काय? 'छातीत दुखलं. डावा हात जड.' चौदा तारीख. एकोणतीसला परत. 'घाम आला, बसून घेतलं.'" त्यांनी यंदाचं जानेवारीचं पान काढलं. "इथंही आहे. दोनदा."

मी उभाच राहिलो.

"मोहनराव, छातीत दुखतं तुमच्या? डॉक्टरला दाखवलंत का?"

मी हातातली सुतळी बोटाला गुंडाळत राहिलो.

"हे हसण्यावारी न्यायचं नाही. गाईला जरा काही झालं की इंजेक्शन-औषध करता, मग स्वतःला का नाही? घरात कुणाला सांगितलंत तरी का? आधी हृदयाची तपासणी करून कागद आणा. त्याशिवाय मी तुम्हाला कामावर घेणार नाही. इथं काही झालं तर काय करू मी?"

त्या बाईनं मला उणापुरा अर्धा तास बघितलं होतं. एक पान वाचलं आणि दवाखान्यात जा म्हणाली. मी त्या कॅलेंडरासमोर रोज जेवायला बसत होतो.

दुखणं माझं म्हटलं असतं तर तपासणीचा कागद आणता आला असता. माझं काळीज धडधाकट आहे. चार दिवसांत काम मिळालं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. ते माझ्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगू, चांगलं दोनदा येऊन गेलं. पण तिच्या गाई मी माझ्या म्हटल्या होत्या, तिचं अक्षर माझं म्हटलं होतं. आता तिचं मरणही माझ्या नावावर घ्यायचं?

"मॅडम," मी म्हणालो, "हे अक्षर माझं न्हाय. मंडळींचं हाय. छाती बी तिचीच. फेब्रुवारीत गेली ती."

मॅडमनी कॅलेंडर हळूच मिटलं. बाहेर कुठंतरी दुधाच्या मशीनचा आवाज चालू होता.

"मग गाईंचं तुम्ही काय करत होता?"

"काय बी न्हाय."

"आणि ती उत्तरं?"

"ती सांगायची. मी ऐकायचो. म्हंजे, ऐकत न्हवतो. पण ऐकलं."

त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं. "नोंदीचं काम तुम्हाला देणार नाही. तिथं मला खरं लिहिणारा माणूस लागतो. शेण काढायचं, चारा टाकायचं काम आहे. पहाटे पाचला यावं लागेल. जमेल?"

तोंडात 'बघतो' आलं होतं. गिळलं. "जमंल."

परत येताना एसटीत खिडकीशी बसलो आणि राहिलेलं पान उघडलं. फेब्रुवारी. सात तारखेच्या चौकोनात चांदीला भरवल्याचं लिहिलं होतं. त्याच्या खाली, जागा पुरेना म्हणून बारीक करून लिहिलं होतं, 'ह्यांना सांगितलं. बघतो म्हणाले.'

ती अकरा तारखेला गेली.

मी खूप आठवून बघितलं. कधी सांगितलं, सकाळी की जेवताना, मी काय करत होतो. मला आठवत नाही. ती खोटं लिहिणारी नव्हती. म्हणजे तिनं सांगितलं आणि मी तसं म्हणालो.

मोनाला मी काम मिळाल्याचं फोनवर सांगितलं. पान दाखवायला मात्र वडगावला गेलो. तिनं वाचलं, आत निघून गेली आणि ज्ञानेशनंच मला चहा आणून दिला. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बोल म्हणायचं तोंड मला नाही.

काम चालू होऊन तीन आठवडे झाले. पाठ दुखते, पण शेण ओढायला येतं आता. काल सकाळी सत्तेचाळीस नंबरच्या गाईनं चाऱ्याला तोंड लावलं नाही. नुसती कान पाडून उभी होती. मी खोरं तिथंच टाकलं आणि मॅडमच्या खोलीचं दार वाजवलं. त्या केस बांधत बाहेर आल्या, गाईचा ताप बघितला, इंजेक्शन दिलं.

"थोडाच आहे ताप," त्या म्हणाल्या. "चारा टाकून झाल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं, मोहनराव."

"न्हाय मॅडम," मी म्हणालो. "चाललं नसतं."