खाटेचं अंतर

उंद्रीच्या कौसरले मागच्या साली दिवस राहिले, पण पोटात लेकरू नव्हतंच. द्राक्षाच्या घोसासारखे फोड होते. चिखलीच्या डॉक्टरीणबाईंनी पोट साफ केलं आणि समजावलं, "एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असंच बाळ घडतं. तुझ्या पोटात बाळ न घडता नुसती वाढच सुटली. त्यातलं काही उरलं तर कॅन्सर होऊ शकतो. दर महिन्याला रक्त तपासू, त्यातला या वाढीचा आकडा खाली यायला हवा. वर्षभर दिवस राहू देऊ नका. बाळानंही हाच आकडा चढतो. मग खरं काय ते कळायचं नाही. गोळ्या देते."

"गोळ्या कायले? मी हावो ना!" सासू शाहजादी म्हणाली.

आता या सासू-सुना बीटी कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर जाणाऱ्या, हातानं फुलाले फूल लावणाऱ्या. परका पराग येऊ नये म्हणून असा प्लॉट दुसऱ्या कपाशीपासून दूर ठेवतात. शाहजादीनं तोच कायदा घरात लावला! पोराची, सकलैनची खाट अंगणात काढली आणि आपली दारात आडवी टाकली. वरून गावभर सांगत सुटली, "अंतर ठेवलं की बियाणं शुद्ध!" बाया खुदुखुदु हसायच्या. कौसरले मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण म्हातारीचा आपल्यावर किती जीव आहे, तेही तिले समजत होतं.

आकडा शहाण्यासारखा उतरत शून्यावर आला. आणि सातव्या महिन्यात एकदम वर!

"दिवस तर राहिले नाहीत ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अल्लाची कसम, नाई!" शाहजादी कडाडली. "राखणीले मी होती. चिमणी फिरकली नाई तिकडं!"

"मग उरलेलं पुन्हा वाढतंय. अकोल्याला जावं लागेल. कॅन्सरची जड इंजेक्शनं घ्यावी लागतील." बाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली.

कौसरनं एकदा चिठ्ठीकडं पाहिलं, एकदा सासूकडं. बोलावं तर अम्मी खोटी ठरते, तीही परक्या बाईसमोर. न बोलावं तर? पेन चालूनच राह्यला होता.

"अम्मी," ती खाली पाहत म्हणाली, "तुम्ही लोणारले लग्नाले गेल्या होत्या ना दोन दिवस... तवा..."

बाईंनी हसू दाबत कौसरले सोनोग्राफीच्या टेबलावर घेतलं. पडद्यावर भाताच्या शिताएवढं काहीतरी होतं, आणि त्यात काहीतरी लुकलुकत होतं.

"हा ठोका," बाई म्हणाल्या. "पेशी इथंही वाढतायत, पण आपापल्या जागी. बाळ आहे. लवकर राहिलंय, लक्ष ठेवू."

कौसर हसता हसता रडायले लागली. शाहजादी पडद्याकडं पाहत राहिली, मग सुनेचा हात तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला.

"तू माह्या इज्जतीपायी गप्प बसली असती ना बेटा," तिचा आवाज फाटला, "तं मी माह्याच कसमेनं या लेकराले मारलं असतं व."