साडूची गाडी

हँडब्रेक सापडेना. त्याने डावा हात दोन सीटांच्या मधे घातला, पुढे चाचपलं, मागे चाचपलं, शेवटी सीटखालीही हात घालून पाहिला.

"अहो, काय शोधताय?" शेजारी बसलेल्या बायकोने विचारलं.

"काही नाही. पट्टा."

"पट्टा लावलाय तुम्ही."

मग दिसलं, की ब्रेक म्हणजे एक बटण होतं, शर्टाच्या बटणाहून थोडं मोठं. ते दाबलं आणि गाडी निघाली. म्हणजे निघाली असावी, कारण बाहेरच्या भिंती मागे जायला लागल्या. आवाज कसला तो नाही.

साडू आणि मोठी मेहुणी मुलीकडे गेले होते. जाताना साडूने याच्या चष्म्याच्या दुकानात येऊन काउंटरवर चावी ठेवली होती. "साडूभाऊ, जर्मन गाडी आहे, रुसते. उभी राहिली की बॅटरी उतरते. रोज एक फेरी मारा." साडूचा फरश्यांचा धंदा चांगला चालायचा, आणि गाडीबद्दल तो नेहमी तक्रारच करायचा. गल्लीत वळत नाही, टायर मागवावे लागतात, साधा आरसा फुटला तरी महिनाभर वाट बघा. पण अशा सुरात, की ऐकणाऱ्याला ती तक्रारही आपल्या वाट्याला यावी असं वाटे. त्याला तर वाटेच. साडूची गाडी आली त्या दिवसापासून त्याच्या पोटात जे दुखत होतं त्याला कुठल्याही डॉक्टरकडे औषध नव्हतं.

खरं दुखणं सासुरवाडीच्या पायऱ्यांवर होतं. सासरे दिवसभर व्हरांड्यात खुर्चीवर पेपर घेऊन बसत. मोठ्या जावयाची गाडी फाटकाशी आली की पेपर बाजूला ठेवून, चपला शोधून, गुडघे धरत पायऱ्या उतरून जात. याची गाडी आली की खुर्चीतूनच, "या." सासऱ्यांच्या नाकावरचा चष्मा यानेच बनवलेला होता, त्यामुळे दिसलं नसेल असं म्हणायचीही सोय नव्हती.

आज म्हणून तो मुद्दाम तिकडेच निघाला होता. रोजच्या फेरीचं निमित्त होतंच.

"फेरीच मारायची तर बाजारातून चला ना," बायको म्हणाली.

"बाजारात ही वळत नाही," तो साडूच्याच सुरात म्हणाला. बायकोने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि काच खाली केली.

फाटकाशी गाडी थांबली आणि खरंच सासरे उठले. पेपर खाली ठेवला, चपला घातल्या, कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले. त्याने ऐटीत दार लावलं. या गाडीचं दार जाड पुस्तक मिटावं तसं लागे. त्याच्या स्वतःच्या गाडीचं दार थोडं उचलून आपटावं लागायचं.

सासरे शेवटच्या पायरीवर थांबले.

"अच्छा, तुम्ही होय," ते म्हणाले. "मला वाटलं ते परत आले." आणि वळून पायऱ्या चढू लागले.

चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. त्याला काही ऐकू आलं नाही. परतताना तो गाडी तावातावाने चालवत होता आणि गाडी मात्र तो ताव कुणाला कळू देत नव्हती, याचाही त्याला राग आला. वाटेत पंप दिसला. त्याने गाडी आत वळवली.

"आता हे कशाला?" बायको म्हणाली.

"टाकी भरून देतो. उगाच कुणाचे उपकार नकोत."

"मागितलंय कुणी?"

"म्हणूनच."

पंपावरचा माणूस धावत आला. याच्या छोट्या गाडीसाठी तो कधी धावला नव्हता. खिडकीशी वाकून म्हणाला, "पेट्रोलच ना साहेब?"

त्या 'साहेब'ने घात केला. खाली उतरून बघावं, झाकण उघडून वाचावं, हे साहेबाला शोभलं नसतं. शिवाय डिझेलची गाडी म्हणजे खडखडणारा टेम्पो एवढंच त्याला ठाऊक. ही तर चालू आहे की बंद तेही कळत नव्हतं. "फुल," तो समोर बघत म्हणाला. आयुष्यभर लोकांना तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या माणसाने झाकणामागचं 'डिझेल' हे ठळक अक्षर वाचलं नाही.

पुलाच्या चढावर गाडीने एक आचका दिला. मग दुसरा. समोर सगळे दिवे एकदम लागले आणि गाडी थांबली. मागून हॉर्न सुरू झाले. बायकोने काच वर केली.

गाडी उचलून नेल्यावर त्याने साडूला फोन केला. फोन करायच्या आधी तो बराच वेळ दुकानाच्या काचा पुसत होता. सगळं सांगून टाकलं.

"तुम्हाला दोघांना लागलं वगैरे नाही ना?" साडू म्हणाला.

"नाही, पण गाडी..."

"गाडीचं बघू हो. सुटे भाग यायला वेळ लागेल, एवढंच."

शिव्या दिल्या असत्या तर त्याने ऐकून घेतल्या असत्या. हे मात्र गिळता येईना. साडू परतला तेव्हा शरमेने का होईना, त्याने आपल्या गाडीची चावी त्याच्यापुढे धरली. "तुमची होईपर्यंत ही वापरा. दार थोडं उचलून लावावं लागतं." साडूने आढेवेढे घेतले नाहीत. "बरं झालं," म्हणाला, "गल्लीत तरी वळेल."

रविवारी सगळ्यांना सासुरवाडीला जेवायला बोलावलं होतं. तो आणि बायको रिक्षाने आले. बायको आत गेली. तो व्हरांड्यात सासऱ्यांसमोर बसला. आज इथे काय काय ऐकावं लागणार, याची त्याने वाटेतच तयारी केली होती.

"मनाला लावून घेऊ नका," सासरे पेपरआडून म्हणाले.

"कशाचं?"

"गाडीचं हो. त्यांनी सांगितलं मला. म्हणाले, माझीच चूक, निघायच्या गडबडीत मीच 'पेट्रोल टाका' म्हणून बसलो, हे बिचारे काय करणार." सासऱ्यांनी पान उलटलं. "एवढं नुकसान झालं, पण कबूल केलं बघा माणसाने."

चहा घेऊन आलेली बायको उंबऱ्यातच थांबली. त्या दिवशी गाडीत तीही होती. तिने कप खाली ठेवले नाहीत, नवऱ्याकडे बघत राहिली. तिला काय हवंय ते त्याला कळलं. एका वाक्याचं काम होतं. गाडीचा हेवा तरी परवडला होता, गाडी कधी ना कधी घेता येते. हे असं सहज दुसऱ्याचं अंगावर घेणं कुठून आणायचं?

"बाबा," तो खुर्चीत पुढे सरकला. "ते पेट्रोल..."

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. वळताना कुरकुरणारं चाक, मग दार दोनदा आपटलेलं. हा आवाज त्याच्या इतक्या ओळखीचा होता, की कोण आलं म्हणून त्याने मान वर केली नाही.

सासऱ्यांनी पेपर बाजूला ठेवला होता. ते चपला शोधत होते. त्याच्यासमोरून, गुडघे धरत, ते एकेक पायरी उतरून गेले. खाली त्यांनी त्या छोट्या गाडीच्या टपावर हात ठेवला आणि जणू आजच पाहत असल्यासारखे म्हणाले, "सुटसुटीत आहे हो गाडी."

साडू हसला आणि गाडीकडे वळूनही न बघता त्यांना हात देत पायऱ्या चढू लागला.

तो व्हरांड्यात उभा होता. काही सुचेना तेव्हा चावी चाचपायची त्याची जुनी सवय. खिशात हात घातला, तर खिसा रिकामा होता. बायको कप घेऊन अजून उंबऱ्यातच उभी होती.