कारण : इतर

बाइंडरकाकांनी सुरीचं टोक चिकटपट्टीखाली सरकवलं आणि खोकं एका रेघेत उघडलं. कॉलेजच्या लायब्ररीत चौतीस वर्षं पुस्तकं बांधलेला तो हात. पुठ्ठ्याला ओरखडा न काढता पट्टी कशी सोडवायची, हे त्याला शिकवायला नको होतं. आत साबणाच्या तीन वड्या, गुडघ्याचं मलम आणि घड्याळाचे दोन सेल निघाले. बाकी खोकंभर हवेने फुगवलेल्या पिशव्या. काल संध्याकाळी मागवलेलं सामान आज अकराच्या आत दारात, आणि पोचवायचा एक पैसा नाही.

त्यांनी खोकं चपटं करून कपाटामागे सारलं. तिथे आधीच वीसेक खोकी दाटीवाटीने उभी होती. तेवढ्यात मोबाइलवर निरोप झळकला: तुमचं वार्षिक सदस्यत्व चार दिवसांनी आपोआप पुढे सुरू होईल. तुम्हाला काहीही करण्याची गरज नाही.

शेवटचं वाक्य काकांनी दोनदा वाचलं.

हे सदस्यत्व मुंगीने घेऊन दिलं होतं. मुंगी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून आईने ठेवलेलं नाव, ती नर्स झाली तरी चिकटून राहिलं. तिचं हॉस्पिटल बसने तीन तासांवर. आई गेल्यापासून ती दर दुसऱ्या रविवारी यायची, दोन खांद्यांना दोन पिशव्या अडकवून. चहा, तेल, गोळ्या, जे काही संपलं असेल ते. जिना चढताना तिला लागलेली धाप खालच्या मजल्यापासून ऐकू यायची आणि काका कडी काढून उभे असायचे.

मागच्या वर्षी तिने मोबाइलमध्ये सगळं भरून तो त्यांच्या हातात ठेवला होता.

"बाबा, वर्षाचे पैसे मी भरलेत. आता मागवायचं आणि दार उघडायचं. नाही आवडलं तर परत. तुमची वणवण नको, माझी ओढाताण नको."

काकांना ते पटलंही होतं, खोटं कशाला बोला. पहिले दोन महिने ते बिल्डिंगभर कौतुक सांगत फिरले. मग एका रविवारी मुंगीला ड्यूटी लागली. पुढच्याला तिला सर्दी झाली. त्यानंतर कारण सांगायचीही गरज उरली नाही, कारण घरात काही संपतच नव्हतं. आता तिला येऊन सात महिने झाले होते. फोन मात्र नेमाने यायचा.

"सामान मिळालं ना?"

"मिळालं."

"गोळ्या?"

"त्याही."

दुपारी वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, पण दारात उभ्या राहिल्या की अजून वर्गात शिरल्यासारखं वाटे.

"काका, माझ्यासाठी तेवढा एक बल्ब मागवा. तुमच्याकडून फुकटात येतो."

"मी बंद करतोय ते."

"वेड लागलंय का तुम्हाला? घरबसल्या सगळं मिळतंय. परवा माझी चप्पल लहान निघाली, तर ब्र न काढता बदलून दिली. कुठला दुकानदार देतो?"

"फुकट पोचतं म्हणून नको ते मागवलं जातं. साबणाच्या अठरा वड्या पडल्यात घरात. मी काय दिवसातून चारदा अंघोळ करू?"

"करा की. उकाडा आहे."

काका हसले नाहीत. बाईंनी चष्मा खाली घेऊन त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"खरं कारण काय?"

"खोकी फार साठतात," काका म्हणाले.

बाई गेल्यावर ते खिडकीशी बसले आणि मोबाइलमध्ये सदस्यत्व थांबवायची जागा शोधू लागले. शोधावीच लागली. घ्यायचं बटण कपाळावर असतं, सोडायचं तळघरात. सापडल्यावर तीनदा विचारणा झाली, नक्की का? मग यादी आली, तुम्ही काय काय गमावणार त्याची: मोफत पोच, एक दिवस आधी सवलत, विनाअट परतावा. आणि शेवटी, जाण्याचं कारण निवडा. किंमत जास्त वाटते. सामान उशिरा येतं. दर्जा समाधानकारक नाही. फारसा वापर होत नाही. काकांनी एकेकावर बोट नेलं आणि मागे घेतलं. बिचाऱ्यांवर आळ कसा घ्यायचा? सगळ्यात खाली 'इतर' होतं आणि त्याखाली एक रिकामी चौकट.

एका बोटाने लिहायला वीस मिनिटं लागली.

'सामान वेळेवर येतं. तक्रार नाही. पण आधी हेच सामान माझी मुलगी आणत होती.'

कुठल्याशा ऑफिसात कुणी परका वाचेल, नाहीतर कुणीच वाचणार नाही. परक्याला सांगायला आपलं काय जातं, असं म्हणत त्यांनी बटण दाबलं. खातं मुंगीच्या ईमेलवर उघडलेलं होतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला.

"बाबा, मेंबरशिप बंद केलीत?"

"हो. अगं, खोकी इतकी..."

"मला मेल आलाय. तुम्ही लिहिलेलं कारण आलंय त्यात."

काकांनी टेबलावरची सुरी उचलली, मिटली, पुन्हा उघडली.

"ते मी त्यांना लिहिलं होतं."

"कळलं मला." पलीकडून ट्रॉली ढकलत नेल्याचा खडखडाट आला आणि विरला. "एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार."

"मी आले, की पिशव्या खाली ठेवायच्या आत तुम्ही मला काय विचारायचात, आठवतं?"

काकांना आठवेना.

"परतीची गाडी कितीची. दर वेळी. पाणी नंतर, हे आधी. मला वाटायचं, सामान पोचलं, आता हिने निघावं. म्हटलं, नुसतं सामानच पोचवायचं असेल, तर त्याला मी कशाला?"

"अगं, फार रात्र व्हायच्या आत तू पोचावीस म्हणून विचारायचो! साडेपाचची चुकली की पुढची थेट आठची. मग तू रात्री त्या स्टँडवर एकटी..."

"हे कधी बोलला नाहीत."

"नाही बोललो."

काकांनी सुरी मिटून टेबलावर ठेवली.

"रविवारी येते," ती म्हणाली. "काय आणू?"

काहीतरी सांगावं म्हणून काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. चहाची पावडर तळाला गेली होती.

"काही नको. सगळं आहे," ते म्हणाले. "तू ये."

रविवारी ती रात्रपाळी संपवून तशीच आली. हातात फक्त पर्स. दारातून आत आल्यावर दोघांनाही क्षणभर उमजेना, आता काय करायचं. भरायला डबे नव्हते, दाखवायला बिल नव्हतं. काकांच्या ओठांवर सवयीने तो प्रश्न आलाच होता.

"चहा?" त्यांनी विचारलं.

चहा झाला. जेवण झालं. बाईंच्या चपलेची गोष्ट सांगून झाली, ती हसली, आणि "पाच मिनिटं पडते" म्हणून आईच्या कॉटवर आडवी झाली. दुसऱ्या मिनिटाला झोपलीसुद्धा.

काका खुर्ची ओढून शेजारी बसले. तिच्या पायांवर मोज्यांचे वळ उठले होते. कानामागे पांढरे केस दिसत होते, चार नव्हे, चांगले पुष्कळ. ते कधी आले, हे त्यांना ठाऊक नव्हतं. साडेचार वाजले. पाच वाजले. ते एकदा उठले, तिच्या खांद्यापर्यंत हात नेला, तिथेच थोडा वेळ धरला आणि परत खुर्चीत येऊन बसले.

खालच्या रस्त्याने साडेपाचची गाडी वळणावर हॉर्न देऊन निघून गेली.

"गेली का?" मुंगीने डोळे न उघडता विचारलं.

"गेली."

"बरं झालं," ती म्हणाली आणि कूस बदलून भिंतीकडे वळली.